काठाचा निरोप



मराठीच्या अध्यापकाने गर्भातील मेंदूविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु निरोप कोणी धाडला, तो कोणापर्यंत पोहोचला आणि ऐकणाऱ्याचे काय झाले, हा प्रश्न वाङ्मयाइतकाच गर्भातील पेशींचाही आहे.

१९२४ साली जर्मनीत हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांचा निबंध प्रसिद्ध झाला. न्यूट हा पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी. मांगोल्डबाईंनी त्याच्या एका गर्भातील चिमुकला तुकडा दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडील बाजूस बसवला. तेथे चेतासंस्थेचा दुसरा आराखडा उभा राहिला, आणि तोही बहुतांशी यजमान गर्भाच्याच पेशींतून! त्याच वर्षी बाई भाजून वारल्या, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. नोबेल पारितोषिक १९३५ साली एकट्या श्पेमान यांना मिळाले. तुकड्याचा निरोप काय होता, हे १९९०च्या दशकात उलगडू लागले. शेजारच्या पेशींना 'त्वचा व्हा' असे सांगणारा संदेश तो वाटेतच अडवीत होता.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे यांचे. आठवणी घडविणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग आपोआप तयार होत नाही. त्याच्या लगतची पेशींची एक अरुंद पट्टी त्यासाठी संदेश पाठवते. तिचे नाव 'हेम', म्हणजे कापडाची दुमडलेली किनार. उंदराच्या गर्भातील काही पेशींत एलएचएक्स-२ हे जनुक नसेल, तर त्या पेशी भलत्याच जागी हेम बनतात आणि शेजारच्या निकोप पेशींना हिप्पोकॅम्पस व्हायला लावतात, असे टोळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिले. काठ म्हणजे जेथे सारे संपते ती जागा, असे राजधान्यांना वाटते. बेळगाव-निपाणीच्या आपणां मंडळींना हे संशोधन सुखावणारे आहे!

माणसाच्या गर्भात मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे ठाऊकही नसते. नळी नीट न मिटलेले मूल ज्यांना आधी झाले होते, अशा स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिल्यास तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, असे १९९१ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. म्हणजे ही गोळी लग्न झालेल्या मुलीला आधीच ठाऊक हवी. दिवस गेल्यावर सांगून उशीर होतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या भगिनीला हे मराठीतून कोण सांगणार? व्याख्यानाच्या तयारीसाठी गेल्या आठवड्यात मी आपल्या वाचनालयाची आरोग्याची फळी चाळली. तेथे चार पुस्तके मिळाली. फॉलिक आम्ल हा शब्द त्यांतील एकातही नव्हता.