इस्त्रीपुरतं ऊन

आम्ही कवी मंडळी सूर्य फुकटात वापरतो. गाडी बांधणाऱ्या पोरांना त्याचा हिशेब द्यावा लागतो. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॉट ऊन पडतं. सौरपट्ट्यांतून त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत उतरतो. सहा चौरस मीटरचं छप्पर केलं तरी हाती 1200 वॉट, म्हणजे एका इस्त्रीपुरती वीज. 1987 साली ऑस्ट्रेलियात डार्विन ते अ‍ॅडलेड ही सुमारे 3000 किलोमीटरची पहिली सौरशर्यत झाली. ती जिंकणाऱ्या ‘सनरेसर’मागे जनरल मोटर्सचा पैसा होता, हेही लक्षात ठेवा.

आपल्या पवईच्या ‘आयआयटी बॉम्बे रेसिंग’च्या मुलामुलींनी ऊन सोडून बॅटरी धरली आणि विजेवरची गाडी बांधून इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धेत उतरवली. तिथे धावण्याआधी पावसाची परीक्षा असते. चालू गाडीवर दोन मिनिटं पाण्याचे फवारे मारतात; वीज कुठे झिरपली की गाडी बाद. आमच्या उपनगरात पहिल्या सरीला दिवे जातात, तिथल्या पोरांना ही परीक्षा!

मग खरी कसोटी, सुमारे 22 किलोमीटरची. मध्यावर चालक बदलायचा, तोही तीन मिनिटांत. गाडी पुन्हा सुरू झाली नाही, तर वर्षभराच्या जागरणांचे गुण तिथेच जातात. या काळात सेमिस्टरचा अभ्यास कधी होतो, ते त्यांच्या आयांनी विचारावं. मी विचारणार नाही.