कारागिराची हत्यारे आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या तांत्रिक वर्गांच्या प्रमाणपत्र-वितरण समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांच्या हाती प्रमाणपत्रे पडली, त्यांच्यापैकी बहुतेकजण लवकरच हत्यारांची पिशवी खांद्याला लावून घराबाहेर पडतील. कोणी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत जाईल, कोणी मुलुंड-घाटकोपरच्या बांधकामांवर, तर कोणी बोरिवलीच्या नाक्यावर उभा राहील. त्या पिशवीबद्दल चार शब्द बोलावेत असे मी योजिले आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु ज्याची पिशवी गेली त्याला तो किरकोळ वाटत नाही.

एके काळी लालबहादूर शास्त्री मार्गावर मुलुंडपर्यंत मोठमोठे कारखाने होते. अशा कारखान्यांत हत्यारे मालकाची असत. कामगाराने टूलरूमच्या खिडकीत आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, पाना किंवा मायक्रोमीटर घ्यायचा आणि सुटीच्या वेळी वस्तू परत करून बिल्ला सोडवायचा. खिळ्यावर बिल्ला लटकत राहिला की कोणाकडे काय आहे ते एका नजरेत कळे. पुढे त्यांतील पुष्कळ कारखाने बंद झाले, त्या जागी उंच इमारती आणि मॉल आले. आजचा फिटर, वायरमन किंवा प्लंबर बहुधा ठेकेदाराकडे रोजावर असतो आणि हत्यारे त्याची स्वतःची असतात. बिल्ला गेला, राखण गेली. नुकसान मात्र आता त्याच्या एकट्याच्या माथी आले.

हे नुकसान केवळ किमतीने मोजता येत नाही. ड्रिल मशीन काही हजारांचे असेल. परंतु दुसरे येईपर्यंत रोज बुडतो, कबूल केलेले काम दुसऱ्याकडे जाते आणि घरात उसनवारी सुरू होते. कायद्यानेही ही गोष्ट ओळखली आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कर्जाच्या वसुलीसाठीदेखील कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. सावकाराचा हुकूमनामा जेथे थांबतो, तेथे चोर मात्र थांबत नाही.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातील एक हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. एक गरजू अन्सारी पैगंबरसाहेबांकडे (स.) मदत मागण्यास आला. घरात एक जाड वस्त्र आणि एक प्याला एवढीच मालमत्ता होती. पैगंबरसाहेबांनी ती दोन दिरहमांना विकली. एका दिरहमाचे घरी अन्न नेण्यास सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणविली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि लाकडे तोडून विकण्यास पाठविले. पंधरा दिवसांनी तो मनुष्य दहा दिरहम कमावून आला. मागणारा हात कमावता झाला तो एका कुऱ्हाडीमुळे. ती कुऱ्हाड वाटेत कोणी लांबविली असती, तर तो माणूस पुन्हा मागण्यासच उभा राहिला असता.

तेव्हा जपणूक कशी करावी? आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण येथे लागू पडते. पहिली गोष्ट, खूण. पाने, पकड, हातोडी यांच्या धातूवर अक्षर-पंचाने आपली खूण ठोकावी. लाकडी दांड्यावर ती डागून घ्यावी. रंग आणि चिकटपट्टी एका रात्रीत निघते, ठोकलेली खूण सहजासहजी निघत नाही. दुसरी गोष्ट, नोंद. ड्रिल, ग्राइंडर यांच्या पट्टीवर अनुक्रमांक असतो. तो वहीत लिहावा, पावती जपावी आणि प्रत्येक वस्तूचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवून एक प्रत घरच्यांकडेही पाठवावी. तिसरी गोष्ट, जागा. काम पत्करतानाच मुकादमाला विचारावे, "रात्री हत्यारे कोठे राहतील आणि किल्ली कोणाकडे असेल?" चारपाच जणांनी मिळून एक लोखंडी पेटी आणि चांगले कुलूप घेतले तर खर्च विभागतो. लोकलमध्ये पिशवी रॅकवर टाकून दाराशी उभे राहू नये.

मागून नेलेल्या हत्याराविषयी थोडे वेगळे बोलतो. हत्यारे जातात ती सगळीच रात्री कुलूप फोडून जात नाहीत. "पाच मिनिटांसाठी दे" म्हणून नेलेली पटाशी दुसऱ्या मजल्यावर जाते, तेथून तिसऱ्याच्या पिशवीत. नेणारा चोर नसतो, पण वस्तू गेलेली असते. उसनी वस्तू ही अमानत आहे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा अशी कुरआनाची आज्ञा आहे. मग हत्याराची देवघेव वहीत लिहिण्यात संकोच कसला?

इतके करूनही चोरी झाली तर काय? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ खालील साधी चोरी पाच हजार रुपयांहून कमी किमतीची असेल तर ती अदखलपात्र ठरते. म्हणून एका पकडीचे नाव सांगून थांबू नये. पिशवीतील प्रत्येक वस्तूची यादी खऱ्या किमतीसह, पावत्यांसह द्यावी. सामान ठेवण्याच्या बंद खोलीतून चोरी झाली असेल तर कलम ३०५ लागू होते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. हेही स्पष्ट सांगावे. चोरी झाली असता "हरवले" असे लिहून देऊ नये. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. गाडीत चोरी झाल्यास अंधेरी, बोरिवली, कुर्ला येथे रेल्वे पोलिसांची ठाणी आहेत. मिळालेला माल ओळखून सोडवून घेताना ठोकलेली खूण आणि अनुक्रमांकच साक्ष देतात.

येथे एक कळकळीची विनंती. वस्तू गेली की प्रथम संशय जातो तो नवख्या पोरावर, परप्रांतीयावर, नाहीतर सर्वांत गरीब माणसावर. त्याची झडती होते, मारहाण होते. पुराव्यावाचून संशय घेणे आपल्या धर्मात निषिद्ध आहे आणि मारहाण हा स्वतंत्र गुन्हा आहे. शोध अवश्य करावा. कोणाची अब्रू घेऊ नये.

आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे. गिऱ्हाईक नसेल तर चोर ते ग्राइंडर कशाला उचलील? चार हजारांची वस्तू आठशेला, पावतीविना, संध्याकाळच्या अंधारात मिळते, तेव्हा उरलेली किंमत कोणीतरी कारागीर आधीच भरून बसलेला असतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास कलम ३१७ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु मी कायद्याचे भय घालीत नाही. १९४८ साली निघालेला 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटालियन चित्रपट १९५२ साली मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला. त्यात भिंतीवर जाहिराती चिकटविणाऱ्या मजुराची सायकल चोरीस जाते आणि अखेरीस हताश झालेला तो सज्जन माणूस आपल्या मुलाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची सायकल उचलतो. एक चोरी दुसरीला जन्म देते ती अशी. ही साखळी विकत घेणाराच तोडू शकतो. ज्या हत्याराने रोजी कमवावयाची तेच हलाल नसेल, तर ती रोजी हलाल कशी म्हणावी?

संस्थाचालकांना माझी एक सूचना आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हत्यारांची खूण, अनुक्रमांक आणि किंमत येथल्या एका रजिस्टरात नोंदून ठेवावी आणि अक्षर-पंचाचा एक संच कार्यशाळेत सर्वांसाठी ठेवावा. खर्च अगदी थोडा आहे. आजच्या समारंभानंतर निदान पहिले पान भरले जावे, एवढीच अपेक्षा.

अल्लाह तुमच्या हातांना आणि हत्यारांना बरकत देवो. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.