बैलाला ढेप, म्हाताऱ्याला खाट

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही. ज्या अंगाच्या जोरावर आपण कापूस पिकवतो, त्या अंगाचा हिशेब मांडणार आहे. नोकरदाराला म्हातारपणी पेन्शनचा आधार असतो. आपल्यातल्या बहुतेकांचे हातपाय चालतात तोवरच आपली भाकर आपल्या हातात.

माझ्या वडिलांचं सांगतो. बहात्तराव्या वर्षापर्यंत त्यांनी वखर धरला. एका पावसाळ्यात ताप आला. आम्ही मायेनं म्हणालो, "बाबा, पडून राहा, उठू नका." तीन आठवडे पाण्याचा तांब्यासुद्धा हातात दिला. ताप उतरला, पण बाबांना आधाराशिवाय उठता येईना. पुन्हा ते वावरात गेले नाहीत. आम्ही म्हणालो, वय झालं. माणसाचं वय तीन आठवड्यांत होतं का, हे कुणी विचारलं नाही.

अमेरिकेत डॅलस शहरात १९६६ साली विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं आणि त्यांचा दम मोजला. दम म्हणजे कष्ट करताना शरीर किती प्राणवायू वापरू शकतं ते. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत आले, तेव्हा पुन्हा मोजला. तीस वर्षांच्या वयानं जेवढा दम खाल्ला, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या खाटेनं खाल्ला होता! मग सहा महिने त्यांच्याकडून सराव करून घेतला, तर वयानं गेलेला दम परत आला.

स्नायूंचंही तसंच आहे. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, आणि ताकद त्याहून लवकर घटते. झटक्यानं काम करणारे तंतू आधी जातात. ठेच लागली की तोल सावरतात ते हेच. म्हणून म्हातारा माणूस पडतो. पण स्नायूवर भार पडला की नवं मांस बांधायचा हुकूम शरीराला मिळतो. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठवड्यातून तीनदा पायानं वजन उचलायला लावलं. नऊ जण टिकले. आठ आठवड्यांत त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

तुम्ही म्हणाल, आम्ही तर रोजच राबतो, आणखी व्यायाम कशाला? राबतो हे खरं. पण आपलं राबणं हंगामी आणि एकांगी. वेचणीला मायबहिणींची कंबर दिवसभर वाकलेली, आणि उन्हाळ्यात कित्येकांचं अंग रिकामं. मग मृग लागला की एकदम जुंपायचं. खुंट्याला बांधलेल्या बैलाला आपण असं जुंपतो का? आधी हलकं काम देतो, ढेप चारतो. बैलाच्या बाबतीत कळतं, ते माणसाच्या बाबतीत का कळू नये?

करायचं काय? खाटेच्या काठावर बसून हात न टेकता दहा वेळा उठायचं. दम खाऊन पुन्हा दहा वेळा. खांबाला धरून टाचा वर उचलायच्या. एका पायावर उभं राहायचं. झेपेल तसं ओझं घेऊन चालायचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ताकदीचा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस आणि पासष्टीपुढं तोल सांभाळण्याचा तीन दिवस. छातीत दुखलं, चक्कर आली, तर थांबा आणि डॉक्टरला दाखवा. आजारी माणसालाही डॉक्टरची मनाई नसेल तर उठवा, बसवा, चार पावलं चालवा.

आणि ताट बघा. म्हाताऱ्या माणसाला किलो वजनामागं रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला पन्नास-साठ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा, तेवढ्याच तूरडाळीत बावीसच्या आसपास. नुसत्या भाकरीनं भागत नाही. घट्ट वरण, दूध, अंडं जे जमेल ते हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यानं मात्र आधी डॉक्टरला विचारावं.

घरात म्हाताऱ्या आईच्या ताटातली डाळ आधी पातळ होते. ती आधी घट्ट करा.

पुढच्या मेळाव्याला घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन या. गाडी थोडी अलीकडं थांबवा, आणि शेवटचं अंतर त्यांना त्यांच्या पायांनी चालू द्या.