सब्र म्हणजे काय?

अंधेरीला माझ्या धाकट्या बहिणीकडे गेलो की तिचा मुलगा जिन्यावरच्या पावलांवरूनच मला ओळखतो. वय 19. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला चालता येत नाही, त्याचं बोलणं फक्त घरच्यांनाच कळतं.

निदान झालं तेव्हा आम्ही सारे बहिणीला म्हणालो, ‘सब्र कर.’ मी तर कवी, शब्दांचा माणूस. पण तो शब्द मी फार स्वस्तात देऊन मोकळा झालो.

वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षं रडेल, मग सावरेल. तसं होत नाही. शेजारची मुलं शाळेत जाऊ लागली तेव्हा तिचं दुःख परत आलं. दहावीच्या निकालाचे पेढे घरी आले तेव्हा पुन्हा आलं. सायमन ओल्शान्स्की यांनी 1962 मध्येच लिहून ठेवलंय की, अशा आईवडिलांचं दुःख दीर्घकाळ सोबत राहतं आणि ते स्वाभाविक आहे. तो मनाचा आजार नव्हे. हे बहिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे माझं काही चुकत नाही तर!’

याच मुंबईत मिठू अलूर यांनी 1972 मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली, ती आपल्या मुलीमुळे. ती मुलगी, मालिनी चिब, पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात शिकली, आणि एका बोटानं टाइप करून तिनं आत्मचरित्र लिहिलं. प्रत्येक आईला संस्था काढता येत नाही. माझी बहीण मुलाला उचलून लोकलच्या राखीव डब्यात चढवते, तेवढ्यानंच तिची कंबर मोडते.

आणि भावंडं? परवा 16 वर्षांच्या भाचीनं मला हळूच विचारलं, ‘मामू, अम्मी-अब्बांनंतर भाईजान माझ्याकडेच ना?’ किती वर्षं हा प्रश्न ती एकटीच उराशी धरून होती!

उत्तर शोधताना कळलं, मूल 18 वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. आम्ही सगळे एकत्र बसलो. भाचीही बसली. कोण काय करणार, ते पहिल्यांदाच मोकळेपणानं बोललो. माझ्या वाट्याला रविवार आला.

तेव्हापासून रविवारी मी भाच्याजवळ बसतो, बहीण दुपारभर झोपते. सब्र एकट्या आईनं करायची गोष्ट नाही, श्रोतेहो. ती घरानं वाटून घ्यावी लागते.