दुकान बुडाले की खापर उधारीवर
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गावातले किराणा दुकान बंद पडले की पारावर निकाल तयार असतो : शेतकऱ्यांनी उधारी बुडवली. आपण तो खाली मान घालून ऐकतो, कारण कापूस घरात पडून असताना आपल्यातल्या अनेकांची उधारी खरोखरच थकलेली असते. पण दुकान तेवढ्याने बुडते का? आता आपलीच पोरे दुकाने टाकताहेत, आपल्या शेतकरी कंपन्या बियाणे-खते विकताहेत. हिशेब आपणच मांडला पाहिजे.

समजा, भांडवल दोन लाख. महिन्याची विक्री एक लाख, शेकडा दहा सुटतात, म्हणजे दहा हजार. भाडे, वीज, हाताखालचा पोऱ्या यांत सात हजार गेले. उरले तीन. घरखर्चाला मात्र गल्ल्यातून आठ हजार निघतात. म्हणजे दरमहा पाच हजारांचे भांडवलच पोटात जाते. एका पैशाची उधारी नसली तरी चाळीस महिन्यांत फळ्या रिकाम्या! गल्ल्यात रोज नोटा दिसतात, म्हणून कळत नाही. पेरणीची ज्वारी दळून खाणारा आपल्याला लगेच ओळखू येतो. दुकानदार ओळखू येत नाही.

बरे, रोखीचे दुकान बुडत नाही म्हणावे, तर चेन्नईत 1997 साली निघालेल्या 'सुभिक्षा'कडे पाहा. किराणा, औषधे, मोबाईल, सगळे स्वस्त आणि रोखीने. 2008 पर्यंत देशभर सुमारे 1,600 दुकाने झाली. 2009 च्या सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांना कुलपे लागली. नाव सुभिक्षा, आणि पगाराला पैसे नाहीत. खापर फुटले 2008 च्या जागतिक मंदीवर. मंदी खरीच होती. पण कर्जाच्या पैशावर इतक्या भराभर दुकाने उघडली, की नवे कर्ज थांबताच माल भरायला पैसा उरला नाही.

उधारीनेही दुकान मरते, नाही असे नाही. ठोक व्यापारी महिनाभर थांबतो, आपला कापूस दिवाळीच्या पुढे-मागे विकला जातो. मधले महिने दुकानदार आपल्या पदरचे घालतो आणि ते चढ्या भावातून काढतो. कापसाचा भाव पडला की साऱ्या गावाची उधारी एकदमच थकते. तेव्हा दुकानदाराने बोट दाखवायचे ते कापसाच्या भावाकडे. त्या लढाईत तो आपल्या बाजूचा आहे.

आपल्या ज्या कंपन्या दुकान चालवतात, त्यांनी पुढच्या बैठकीला तीन आकडे लिहून आणावेत : फळीवरचा माल, येणे उधारी आणि ठोक व्यापाऱ्याचे देणे.