प्रतिपालित मुलांचे मन आणि अनुभवाची साक्ष

(शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



आईबापांपासून दुरावलेल्या मुलाला छप्पर मिळाले, दोन वेळचे जेवण मिळाले आणि शाळेत नाव घातले गेले, म्हणजे समाजाचे कर्तव्य संपले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज किती अपुरा आहे, हे ज्यांचे बालपण परक्या घरात गेले त्यांच्याच तोंडून ऐकावे लागते. अमेरिकेत अशा मुलांना सरकारी देखरेखीखाली प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्याची पद्धत रूढ आहे. या पद्धतीत मुलांच्या मनाचे काय होते, हे देशापुढे मांडण्यात त्यातूनच वाढलेल्या माणसांचा मोठा वाटा आहे. त्यांपैकी अँटवन फिशर यांचे चरित्र विशेष मननीय होय.

कागदावरील मूल

फिशर यांचा जन्म १९५९ साली ओहायो राज्यातील एका तुरुंगात झाला. आई शिक्षा भोगीत होती आणि जन्मापूर्वीच वडिलांचा खून झालेला होता. तान्हेपणी ज्या घरी त्यांना ठेवले, तेथील बाईने त्यांना पोटच्या मुलासारखे वाढविले. परंतु दोघांना परस्परांचा फार लळा लागला, हेच कारण होऊन मुलाला तेथून हलविण्यात आले. पुढे क्लीव्हलँड शहरातील ज्या कुटुंबात त्यांचे बालपण गेले, तेथे मारहाण, अपमान आणि लैंगिक अत्याचार त्यांच्या वाट्याला आले. बाहेरून ते घर धर्मपरायण दिसत असे. भेटीस येणारे अधिकारी मुलाची वाढ, कपडे, शाळा यांची नोंद करीत. मूल मात्र मनातले काही बोलू शकत नसे. कारण विचारणारा निघून जाणार आणि आपण त्याच घरात राहणार, हे त्याला पुरते ठाऊक होते.

या काळात एक आधार मिळाला तो शाळेत. प्राथमिक शाळेत सलग तीन इयत्ता त्यांना एकच शिक्षिका लाभली. रोज तेच वर्ग, तोच चेहरा, तीच आस्था. एवढ्याने बुजलेल्या मुलाला धीर आला. या शिक्षिकेचे ऋण फिशर यांनी आवर्जून नमूद केले आहे.

त्या घराने त्यांना सोडून दिल्यानंतर सुधारगृह आणि त्यामागून रस्त्यावरचे जिणे नशिबी आले. पुढे ते अमेरिकी नौदलात भरती झाले व तेथे अकरा वर्षे राहिले. तेथे रागाच्या भरात हाणामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविण्यात आले. त्या डॉक्टरांनी उपदेश करण्याऐवजी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. आपल्या संतापाच्या मुळाशी काय आहे, हे फिशर यांना तेथे प्रथम उमगले.

दुःखाचे कार्यात रूपांतर

नौदल सोडल्यावर एका चित्रपट कंपनीत पहारेकऱ्याची नोकरी करीत असताना त्यांनी आपली कथा लिहावयास घेतली. २००१ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात सरकारी दप्तरातील अहवाल आणि स्वतःच्या आठवणी शेजारी शेजारी आल्या आहेत. एकाच मुलाविषयी या दोहोंत केवढे अंतर असू शकते, हे त्यावरून दिसून येते. २००२ साली त्यांच्याच पटकथेवरून डेंझेल वॉशिंग्टन यांनी चित्रपट काढला. २०१३ साली अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीपुढे बालकल्याणाच्या प्रश्नावर फिशर यांनी साक्ष दिली. ज्याच्याविषयी पूर्वी केवळ नोंदी होत असत, तोच आता कायदे करणाऱ्यांपुढे बोलत होता.

फिशर यांची हकीगत एकट्याची नव्हे. ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांत प्रतिपालनातून बाहेर पडलेल्या तरुणांची एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत आढळले की, दर चौघांमागे एकाला मागील वर्षभरात मनावरील आघातातून उद्भवणाऱ्या तणावविकाराने ग्रासले होते. युद्धावरून परतलेल्या सैनिकांतही हे प्रमाण इतके आढळत नाही. २०११ साली सरकारी लेखापरीक्षकांनी पाच राज्यांतील आकडे तपासले. सरकारी आरोग्य योजनेतील इतर मुलांपेक्षा प्रतिपालित मुलांना मनावर परिणाम करणारी औषधे २.७ ते ४.५ पट अधिक प्रमाणात दिली जात होती. त्याच वर्षी एका बारा वर्षांच्या मुलाने सिनेटपुढे येऊन आपणास दिलेल्या गोळ्यांविषयी सांगितले. अशा औषधांवर देखरेख ठेवण्याचे बंधनही २०११ च्या कायद्याने राज्यांवर घातले. पुढे २०१४ पासून वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत प्रतिपालनात राहिलेल्या तरुणांना सव्विसाव्या वर्षापर्यंत सरकारी आरोग्यसेवेचा लाभ मिळू लागला.

आपल्याकडील कर्तव्य

आपल्याकडे आईवेगळे मूल आजोळी किंवा काकांकडे वाढण्याची चाल जुनी आहे. अशा घरांतील माया मोठी असते. तथापि मूल गप्प राहिले म्हणजे ते सुखी आहे, असे मानणे बरोबर नव्हे. जेथे नातेवाईक नसतात, तेथे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने प्रतिपालक कुटुंबाची तरतूद केली आहे, आणि अशा कुटुंबाची दरमहा पाहणी करण्याचे काम बाल कल्याण समितीकडे सोपविले आहे. आपल्या हिताच्या प्रत्येक निर्णयात आपले म्हणणे मांडण्याचा बालकाचा हक्कही हा कायदा मान्य करतो. पाहणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने मुलाशी एकांतात, घाई न करता बोलावे आणि शक्यतो पुढच्या वेळीही त्यानेच जावे. तरच या हक्काला अर्थ येईल.

शिक्षकबंधूंनी व भगिनींनी हे ध्यानी ठेवावे की, एकाएकी अभ्यासात मागे पडणारे, उगाच भांडणारे अथवा कोपऱ्यात बसून राहणारे मूल दर वेळी खोडकर किंवा मंद नसते. शिक्षेपूर्वी विचारपूस करावी. ग्रामस्थांनी अशा मुलास ‘परक्याचे पोर’ म्हणून हिणवू नये. मूल संकटात असल्याची शंका येताच १०९८ या क्रमांकावर कळवावे. मानसिक त्रासासाठी १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

अशी जी मुले आपल्या गावात वाढून आज कर्ती झाली आहेत, त्यांना पंचायतीच्या व शाळेच्या बैठकीत सन्मानाने बोलवावे आणि त्यांचा सल्ला घ्यावा. ज्या वाटेवरून ते चालून आले, त्या वाटेवरील खाचखळगे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?