सावली आणि साखळी

(देवणी येथे भरलेल्या पशुवैद्यक व पशुपालक यांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



ज्या गावाचे नाव एका अख्ख्या गोवंशाने धारण केले आणि सीमेपलीकडे बीदर-भालकीपर्यंत नेले, त्या गावात येऊन जनावरांविषयी बोलावयाचे, हे पंढरीच्या वाळवंटात उभे राहून वारकऱ्यांना कीर्तन ऐकविण्याइतकेच धाडसाचे काम आहे. कारण तेथे कीर्तनकाराच्या आधी श्रोत्यांनाच अभंग पाठ असतो. तरीही आपण हे आसन मला दिलेत, त्याचे कारण माझ्या विद्वत्तेत नसून माझ्या वयात असावे, असे समजून मी ते नम्रपणे स्वीकारतो. गुरांच्या दवाखान्यांतून उमेदीची सारी वर्षे काढल्यावर माणसाजवळ विद्या किती शिल्लक राहते ते सांगवत नाही. चुकांचा साठा मात्र भरपूर राहतो, आणि त्यातलीच एक चूक आज आपल्यापुढे ठेवण्याचा माझा विचार आहे.

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापला आहे तो 'उन्हाळ्यात पाळीव प्राण्यांचे आरोग्य' असा. माझ्या लहानपणी आमच्या घरात 'पाळीव प्राणी' हा शब्द कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. बैल होते ते घरच्या माणसांत जमा होते, कुत्रा खळ्याचा राखणदार होता, मांजर कणगीच्या चाकरीला होते, आणि माणसांची पंगत बसण्यापूर्वी या सर्वांचे पाणी झाले की नाही, याची चौकशी आजी रोज न चुकता करीत असे. आता काळ पालटला आहे. लातूर-नांदेडच्या इमारतींतून लॅब्रॅडॉर आले, चपट्या नाकाचे पग आले, आणि ज्याच्या पूर्वजांनी बर्फावरून घसरगाड्या ओढल्या तो हस्कीदेखील मराठवाड्याच्या मे महिन्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत धापा टाकीत बसलेला मी पाहिला आहे. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु ते मोल त्या मुक्या जिवाने चुकते करावे, हा व्यवहार मला न्याय्य वाटत नाही.

उन्हाशी झुंजण्याची शिबंदी निसर्गाने प्रत्येकाला सारखी दिलेली नाही, आणि हा भेद समजून घ्यावयाचा तर देवणीइतकी चांगली शाळा दुसरी नाही. तोंडाच्या दोन्ही अंगांना काळा असलेला वानेरा, पोटाखाली ठिपके मिरविणारा बालंक्या, अंगभर काळे पट्टे वाटेल तसे उधळलेला शेवरा, देवणीच्या या तिन्ही प्रकारांना आपण रंगावरून ओळखतो; पण त्या पांढऱ्या आखूड केसांखालची काळी कातडी, लोंबते कान आणि गळ्याखाली झुलणारी पोळी यांचा उन्हाशी काय करार आहे, हे आपण क्वचितच न्याहाळतो. पांढरे केस ऊन परतवितात, पोळीमुळे अंगाचे क्षेत्रफळ वाढते, आणि कातडीतल्या विपुल घर्मग्रंथी घाम गाळून रक्त निववितात. म्हैस त्या मानाने दुबळी. तिला घाम अगदी थोडा, आणि म्हणून तिला डोहात लोळण्याची ओढ असते ती केवळ स्वभावाने नव्हे. कुत्र्याची गत याहूनही बिकट. त्याला घाम फुटतो तो पंजांच्या गाद्यांना तेवढा. बाकीचा सारा कारभार जिभेवर आणि श्वासावर. एरवी मिनिटाला वीस-तीस असणारे श्वास तो दोनशेच्या पुढे नेतो, जिभेवरची ओल वाफ होऊन उडते, आणि तेवढीच उष्णता अंगाबाहेर जाते. हवा कोंदट असली, पाणी तुटले, किंवा पगासारखे नाकच चपटे असले, की हा एकुलता एक मार्ग बंद होतो.

आता ती चूक. पुष्कळ वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी अडीचच्या सुमारास, एक गृहस्थ आपल्या मुलाला मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात आले. मुलाच्या मांडीवर ओल्या घोंगडीत गुंडाळलेला अल्सेशियन कुत्रा होता. हिरड्या विटेसारख्या लाल, जीभ जांभळी, लाळेला तार सुटलेली. घोंगडी उलगडली तेव्हा आतून तव्यावरच्या भाकरीसारखी वाफ आली; ओल्या कापडाने ऊब बाहेर पडू न देता आतल्या आत कोंडली होती. कुत्र्याच्या अंगाचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश, माझ्या तापमापकाचा पारा १०८ ची शेवटची रेघ गाठून थांबला, आणि तो तेथेच थांबला तो पुढे काच नव्हती म्हणून. बादलीचे पाणी, टेबलावरचा पंखा, सलाईन, जे होते ते सर्व केले. तीनच्या पुढे काटा सरकला आणि ते जनावर गेले. मी रजिस्टर ओढले आणि नित्याच्या सराईतपणाने रकाने भरले: निदान, उष्माघात, परिणाम, मृत. दप्तराच्या दृष्टीने प्रकरण निकालात निघाले.

संध्याकाळी विसरून राहिलेली घोंगडी परत करावयास मी त्यांच्या घरी गेलो, आणि तेथे मला खरे निदान सापडले. अंगणात कडुनिंबाचे जुने झाड होते. झाडाच्या पश्चिमेला एक लोखंडी खांब रोवला होता आणि खांबाला चार हातांची साखळी. सकाळी झाडाची सावली पश्चिमेला पडते. तेथे कुत्रा बांधून, जर्मनच्या पातेल्यात पाणी ठेवून, घरची मंडळी मोठ्या विश्वासाने लग्नाला गेली होती. आपला हा भाग सुमारे अठराव्या अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य येथे अगदी माथ्यावरून जातो आणि मध्यान्ही झाडाची सावली झाडाच्या बुडाशी गोळा होते. तेथून ती पूर्वेकडे निघून गेली. सावली सरकली, साखळी सरकली नाही. पातेले पालथे पडले होते. साखळीने घासून घासून मातीत एक वर्तुळ उमटले होते, आणि त्याच्या झाडाकडच्या कडेला नखांनी जमीन उकरलेली होती. ते उकरणे बुंध्यापासून दीड हात अलीकडे थांबले होते. त्या मुलाने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, आमच्या राजाला काय झालं होतं?" मी उष्माघात म्हणून मोकळा झालो. साखळी म्हणावयाचे धैर्य त्या दिवशी मला झाले नाही, आणि रजिस्टरात तर त्यासाठी रकानाच नव्हता.

त्या रकान्याचाच मी पुढे फार विचार केला. आमचे सारे दप्तर पडलेल्या जनावराचे आहे; जे पडलेच नाही, त्याची नोंद कोणत्याही कागदावर रुजू होत नाही. म्हणून प्रतिबंध हा आमच्या खात्यातला सर्वांत यशस्वी आणि सर्वांत अप्रसिद्ध कारभार आहे. बुळकांडीचेच पाहा. गावच्या गावे निर्गुरे करणारा हा रोग लसीकरणाने असा निपटला की २००६ मध्ये भारत त्यातून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग मुक्त झाल्याची घोषणा झाली. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांनी बुळकांडीचे जनावर पाहिलेले नाही व पाहणारही नाहीत; एवढ्या मोठ्या विजयाचा पुरावा काय, तर एक न दिसणे! उलट २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ पसरली, राज्यातले गुरांचे बाजार बंद झाले, तेव्हा दवाखान्यांपुढे कशी रीघ लागली हे आपण पाहिलेच आहे. शेळ्यामेंढ्यांच्या देवीची लस त्या वेळी गुरांच्या उपयोगी पडली. पण माशा, डास, गोचीड या वाहकांचा बंदोबस्त ज्यांनी आधीपासून ठेवला होता, त्यांच्या गोठ्यात काय वाचले याचा हिशेब कोण मांडणार?

पूर्वजांना ही दृष्टी होती. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांच्या व पशूंच्या अशा दुहेरी चिकित्सेची व्यवस्था सांगितली आहे. आणि त्याच लेखात, दोघांच्याच उपयोगासाठी, वाटेवर विहिरी खोदल्याचा व झाडे लावल्याचा निर्देश आहे. वैद्य, पाणी आणि सावली हे तिन्ही एका आज्ञेत बसविणाऱ्या त्या राजाला आमच्या खात्याची रचना सांगितली असती, तर वैद्य एका कचेरीत, पाणी दुसऱ्या आणि झाड तिसऱ्या, हे ऐकून तो चकित झाला असता. इतके दूर तरी कशाला जावे? पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची आपली खांदेमळणी घ्या. तूप-हळदीने बैलाचा खांदा मळताना धन्याचा तळहात जुवाच्या घट्ट्यावरून, मानेवरून, पोळीच्या वळ्यांतून फिरतो. गाठ, जखम, गोचीड, जे काही असेल ते त्या हाताला लागते. माझ्या मते ही वार्षिक आरोग्यतपासणीच आहे. फक्त तिला फी नाही.

पाण्याविषयी मराठवाड्याला कोणी व्याख्यान द्यावे, असे नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली, दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी, ती शिट्टी ज्यांनी ऐकली त्यांच्या घरी पेल्याचाही जमाखर्च होता. त्या दिवसांत गच्चीवर पाखरांसाठी परळ भरून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. कुत्र्याला किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. भांडे पसरट बुडाचे, शक्य तर मातीचे, आणि एक सांडले तर दुसरे असावे म्हणून दोन ठिकाणी. फिरावयास न्यावे ते उजाडताना किंवा दिवेलागणीनंतर; डांबरी रस्त्यावर आपला उपडा हात सात सेकंद टिकत नसेल, तर तेथे त्याचे पंजेही टिकणार नाहीत. बंद मोटारीत पाच मिनिटेसुद्धा नाही. दाट केसांच्या कुत्र्याला उन्हाळा आला म्हणून कातडीपर्यंत भादरू नये. विंचरलेले केस त्याला उन्हापासून राखतात. आणि लागलेच ऊन, तर सावलीत घ्यावे, अंगावर साधे पाणी सतत ओतावे, वारा घालावा, आणि तसेच ओतत-वारा घालत दवाखाना गाठावा. ओले कापड गुंडाळून ठेवू नये, बर्फात बुडवू नये, बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नये. ताप १०३ वर उतरला की थांबावे, नाहीतर अंग नको तितके गार पडते. मांजराने तोंड उघडून धाप टाकली, तर ते कौतुक नव्हे, संकट समजावे.

उन्हाळा हाच लसीचाही हंगाम. घटसर्प आणि फऱ्या पावसाबरोबर येतात, म्हणून त्यांची लस पावसाआधी. दारात पूर आल्यावर बांध घालावयाचा नसतो. लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, आणि ती टोचताना जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर नोंदवून घ्यावा. बिल्ल्याला आमची मंडळी गुरांचा आधार म्हणतात, ते काही खोटे नाही. कुत्र्यांच्या बाबतीत मला सर्वांत त्रास देणारे वाक्य एकच: "आमचं कुत्रं घरातच असतं, त्याला कशाला इंजेक्शन?" कुत्रे घरात असते, पिसाळलेले दुसरे कुत्रे फाटकाशी येते, तेव्हा ते घर विचारीत नाही. पास्तरने १८८५ मध्ये पहिल्या मुलाला रेबीजची लस टोचली, त्यास एवढा काळ लोटला. तरी लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग आजही बहुतेक अटळपणे मारतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना, दरवर्षी. पार्वो व डिस्टेंपर यांची लस त्याहून आधी, सहा ते आठ आठवड्यांपासून. गोचीड उन्हाळ्यात वाढतात आणि कुत्र्यांना गोचीडताप देतात. कानाच्या पाळीत आणि बोटांच्या बेचक्यात रोज एकदा बोट फिरविले, तर निम्मे काम तेथेच होते.

तालुक्याच्या दवाखान्यांतून नव्याने रुजू होणाऱ्या मित्रांना माझी एकच विनंती आहे. सरकारी रजिस्टरात नसला तरी आपल्या पदरच्या वहीत एक रकाना आखा: जनावर कोठे बांधले होते. मी तो उशिरा आखला. पुढे दहा वर्षांत त्या एका रकान्याने मला जे शिकविले, ते पुस्तकांतून हाती लागले नव्हते. पत्र्याखाली बांधलेली, उत्तर-दक्षिण न पाहता गोठ्यात कोंबलेली, हौदापासून हातभर आखूड दाव्याची, अशी जनावरे एकामागून एक त्या वहीत येऊन उभी राहिली, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी औषधाची पेटी उघडण्याआधी दावे मोजू लागलो.

मी बोलावयास उभा राहिलो तेव्हा मंडपाच्या पश्चिमेला, चिंचेच्या सावलीत, आपण प्रदर्शनासाठी आणलेल्या जोड्या बांधलेल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे कोणाचा तरी एक तांबडा कुत्राही होता. आता अकरा वाजून गेले आहेत. टाळ्या नंतर वाजवल्या तरी चालतील. आधी आपल्यापैकी दोघे-चौघे उठून ती दावी पलीकडच्या बाजूला घ्या, आणि त्या कुत्र्याची साखळी सोडा.